घरमालक : पहारेकरी की सहआरोपी?

एखाद्या शहरात बाँबस्फोट होतो, अमली पदार्थांचा साठा सापडतो किंवा दरोडेखोरांची टोळी हाती लागते, तेव्हा पहिल्या दिवशी आरोपींची नावे छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारला जातो : या माणसांना घर दिले कोणी? प्रश्न स्वाभाविक आहे. कट काही उघड्यावर शिजत नाहीत. त्यांना चार भिंती लागतात, एक दार लागते आणि ते आतून लावून घेण्याची मुभा लागते. महानगरांत ही मुभा भाड्याने मिळते. म्हणूनच भाडेकरूने केलेल्या गुन्ह्याची आणि त्याने माजविलेल्या धुडगुसाची जबाबदारी घरमालकावर टाकावी, ही मागणी अधूनमधून जोर धरते. ती ऐकावयास कणखर वाटते. परंतु कणखर दिसणारा प्रत्येक उपाय परिणामकारक असतोच असे नाही.

पुण्यातील घटना या दृष्टीने बोलकी आहे. १८ जुलै २०२३ च्या पहाटे कोथरूड भागात गस्तीवर असलेल्या पोलिसांनी दुचाकी चोरण्याच्या प्रयत्नात असलेल्या तरुणांना हटकले. त्यांपैकी दोघे राष्ट्रीय अन्वेषण यंत्रणेला हवे असलेले संशयित निघाले. त्यांच्यावर प्रत्येकी पाच लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झालेले होते. हे संशयित कोंढव्यात भाड्याच्या घरात राहत होते. त्यांच्या दोषाचा निर्णय न्यायालय करील. परंतु पुणेकरांच्या मनात तेव्हा उमटलेला प्रश्न अजून तसाच आहे. देशाची सर्वोच्च तपासयंत्रणा ज्यांना शोधत होती, ती माणसे एका गजबजलेल्या वस्तीत संसार थाटल्यासारखी राहू शकली, याला जबाबदार कोण? घर देणारा मालक, जाब न विचारणारे शेजारी, की वस्तीत डोकावून न पाहणारी यंत्रणा? आणि अखेर ते सापडले ते कशामुळे? तर मध्यरात्रीनंतर जागे असलेल्या दोन-चार शिपायांच्या तीक्ष्ण नजरेमुळे.

कायदा काय सांगतो?

या विषयाची चर्चा करताना दोन भिन्न गोष्टींची गल्लत केली जाते. एक आहे माहिती कळविण्याचे कर्तव्य. दुसरी आहे प्रत्यक्ष गुन्ह्यातील सहभाग.

मुंबई, पुणे, ठाणे यांसारख्या शहरांचे पोलीस आयुक्त, घरमालकांनी आपल्या भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यास द्यावी असे आदेश वेळोवेळी काढत आले आहेत. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आले आहे. आदेशाची अवज्ञा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अवज्ञेमुळे मानवी जीवितास धोका उत्पन्न झाल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. येथे घरमालकाचा मूळ अपराध एवढाच, की त्याने कळविले नाही.

याखेरीज महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी करून नोंदविणे बंधनकारक आहे आणि ते उत्तरदायित्व कायद्याने घरमालकावरच टाकले आहे. त्यात कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रत्यक्ष गुन्ह्यातील सहभागाचा विचार मात्र कायद्याने वेगळ्या तराजूने केला आहे. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ नुसार कुंटणखाना चालविण्यासाठी जागा देणारा मालक दोषी ठरतो. परंतु त्या उपयोगाची त्याला जाणीव असली पाहिजे किंवा त्यात तो बुद्ध्या सामील असला पाहिजे. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याचे कलम २५ तर आणखी कडक आहे. आपल्या घरात असा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणाऱ्या मालकाला मूळ गुन्हेगाराइतकीच शिक्षा त्यात सांगितली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेनेही आपल्या जमिनीवर दंगल घडत असल्याचे ठाऊक असून जवळच्या ठाण्यास खबर न देणाऱ्या जमीनमालकाला दंडास पात्र ठरविले होते, आणि नव्या न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे.

या सर्व तरतुदींचा धागा एकच आहे. 'जाणीव' हा त्यांचा गाभा आहे. ज्याला ठाऊक होते आणि जो गप्प राहिला, तो दोषी. ज्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घेण्याचे आपले कर्तव्य ज्याने बजावले होते, तो दोषी नव्हे. भाडेकरूच्या गुन्ह्यासाठी मालकाला सरसकट जबाबदार धरावे असे म्हणणारे लोक हा गाभाच काढून टाकू पाहतात.

खरा कागद, खोटा माणूस

माहिती कळविण्याचे महत्त्व कोणी नाकारू नये. परंतु त्या कागदावर किती विसंबावे, यालाही मर्यादा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली याचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. दाऊद गिलानी हे आपले मूळ नाव त्याने २००६ साली अमेरिकेत रीतसर बदलून घेतले आणि त्याच वर्षी तो मुंबईत आला. ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये त्याने परदेशगमनाविषयी सल्ला देणारे कार्यालय थाटले. ब्रीच कँडीसारख्या प्रतिष्ठित भागात तो पेइंग गेस्ट म्हणून राहिला. त्याचे पारपत्र बनावट नव्हते. ते अमेरिकन शासनाने दिलेले खरेखुरे पारपत्र होते. कोणत्याही घरमालकाने ते कितीही वेळा उलटसुलट करून पाहिले असते, तरी त्यात त्याला काय दिसणार होते?

हेडलीचे कागद खरे होते, माणूस खोटा होता. अशा माणसाला ओळखण्याचे काम गुप्तवार्ता यंत्रणांचे आहे. दोन खोल्यांच्या भाड्यावर उतारवयाचा खर्च भागविणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेचे ते काम नव्हे. घुसखोरांच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. सीमा ओलांडून आलेल्या माणसाच्या हाती येथील दलाल बनावट आधारपत्र आणि जन्मदाखला ठेवतात. हे कागद ज्या साखळीतून तयार होतात ती साखळी तोडणे शासनाच्या हाती आहे. त्या कागदांना भुललेल्या मालकाला कोठडीत टाकून ती तुटणार नाही. तसेच नाव किंवा बोली ऐकूनच दार लावून घेणे म्हणजे सजगता नव्हे. बंगाली बोलणारा प्रत्येक माणूस बांगलादेशी नसतो. पश्चिम बंगाल आणि त्रिपुरा ही भारतमातेचीच राज्ये आहेत, आणि झवेरी बाजारात सोन्याचे दागिने घडविणारे कित्येक कारागीर तिकडचेच आहेत.

कौटिल्याची नगरव्यवस्था

हा प्रश्न आजचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात नगराच्या व्यवस्थेचे प्रकरण आहे. त्यात दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांमागे एक 'गोप' नेमलेला आहे. त्या कुटुंबांतील स्त्री-पुरुषांची नावे, व्यवसाय, त्यांचा आय-व्यय या सर्वांची माहिती त्याने ठेवायची. नगराच्या एकेका विभागावर 'स्थानिक' हा अधिकारी आहे. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने उतरू आलेल्या वाटसरूंची खबर द्यायची, कारागिरांनी आपल्याच व्यवसायबंधूंना आपल्या जबाबदारीवर आसरा द्यायचा, आणि गृहस्वामीने घरी येणाऱ्या व घरातून जाणाऱ्या परक्या माणसाची वर्दी द्यायची, अशी ही रचना आहे.

यातील दंडाचा विचार फार सूक्ष्म आहे. ज्याने वर्दी दिली नाही, त्याच्या माथी त्या रात्री घडलेल्या अपराधाचा दोष येतो. रात्र निर्विघ्न पार पडली तरी तो अगदीच सुटत नाही. त्याला तीन पण दंड भरावा लागतो. याउलट, घरात काही अनुचित चालल्याची खबर गोपाला किंवा स्थानिकाला देणारा गृहस्वामी दोषमुक्त होतो. न देणारा अपराध्याच्या बरोबरीने दोषी ठरतो.

कौटिल्य कठोर होता याबद्दल कोणाचे दुमत नाही. परंतु त्याच्या कठोरपणाला दोन बाजू आहेत. लपविणाऱ्याला त्याने सोडलेले नाही आणि कळविणाऱ्याला त्याने अभय दिले आहे. शिवाय ज्याला कळवायचे तो गोप चाळीस घरांपलीकडे कोठे बसलेला नाही. तो रोज दिसणारा, नावानिशी ओळखणारा माणूस आहे. आज घरमालकांकडून कौटिल्याच्या दंडाची अपेक्षा करणाऱ्यांनी कौटिल्याचे अभय आणि कौटिल्याचा गोप या दोन्ही गोष्टी आधी पुरवाव्यात. अर्ज भरून दिलेल्या मालकाला त्या अर्जाचे पुढे काय झाले हे कळत नाही. भाडेकरूविषयी शंका कळवायला गेलेल्या माणसालाच 'तुम्ही त्याला ठेवलाच कशाला?' असे विचारले जात असेल, तर तो पुन्हा पोलीस ठाण्याची पायरी कशाला चढेल?

गप्प राहण्याचे भाडे

सरसकट जबाबदारीचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मराठवाड्यातील, विदर्भातील शेकडो मुले 'कॉट बेसिस'वर राहतात. मुंबईत परगावाहून आलेल्या परिचारिका, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुली, बांधकामावरचे मजूर घर शोधत फिरतात. भाडेकरूने उद्या काही केले तर आपल्याला तुरुंगाची हवा खावी लागेल अशी धास्ती ज्याला बसेल, तो मालक यांपैकी कोणालाच जागा देणार नाही. घर रिकामे ठेवणे त्याला सुरक्षित वाटेल. शिक्षा गुन्हेगाराला व्हावी म्हणून केलेला नियम अशा रीतीने निरपराध तरुणाला रस्त्यावर आणतो.

आणि गुन्हेगाराला? त्याला घर मिळतेच. तो दोन हजार रुपये जास्त मोजतो, अनामत रोख देतो, करार मागत नाही, पावती मागत नाही. समोरचा मालकही त्याला नाव-गाव विचारत नाही. बाजारभावापेक्षा जास्त आलेली ही रक्कम घराचे भाडे नसते. ते गप्प राहण्याचे भाडे असते. प्रश्न न विचारण्याची किंमत मालकाने वसूल केलेली असते. खरा दोषी शोधायचा असेल तर तो येथे आहे. नोंदणीकृत करार करणारा, अर्ज भरणारा, भाडे बँकेत घेणारा मालक सहज सापडतो म्हणून त्याच्यावर बडगा उगारायचा आणि कागदच न करणाऱ्याकडे काणाडोळा करायचा, हे कायद्याचे राज्य नव्हे.

तेव्हा मालकाची जबाबदारी भाडेकरूच्या गुन्ह्यावरून मोजू नये. ती मालकाच्या स्वतःच्या वर्तनावरून मोजावी. त्याने विचारले का, कळविले का, आणि गप्प राहण्यातून त्याने लाभ उठविला का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याचा दोष ठरविण्यास पुरेशी आहेत.

अधिकाराविना जबाबदारी

गुन्ह्याइतकाच जाच रोजच्या धुडगुसाचा असतो. रात्री दोनपर्यंत चालणारे गाणेबजावणे, जिन्यात मद्यपान, शेजारच्या मुलींची छेडछाड, घरातच चाललेला जुगार. अशा वेळी शेजारी मालकाला दूरध्वनी करतात, सोसायटी त्याला नोटीस धाडते. पण मालकाच्या हाती काय असते? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या किंवा जागेचा अवैध कामासाठी वापर केल्याबद्दल शिक्षा झालेल्या भाडेकरूकडून ताबा मागण्याची सोय आहे. परंतु त्यासाठी दावा लावावा लागतो आणि असे दावे वर्षानुवर्षे चालतात. 'लिव्ह अँड लायसन्स'च्या करारात मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मुदत संपेपर्यंत शेजाऱ्यांनी कान झाकून बसायचे काय?

गिरगाव-लालबागच्या पागडीच्या चाळींत तर स्थिती अधिकच विचित्र आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने तेथील भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. पिढ्यानपिढ्या खोल्या हस्तांतरित होत गेल्या. त्या खोलीत आज कोण राहतो, हे कित्येकदा कागदोपत्री मालक असलेल्याला ठाऊकही नसते. ज्याला भाडेकरू निवडता येत नाही आणि काढता येत नाही, त्याला भाडेकरूच्या वर्तनाबद्दल जाब विचारणे हास्यास्पद आहे. अधिकार आणि उत्तरदायित्व हातात हात घालून चालले पाहिजेत.

परदेशातील धडा

मालकावर सरसकट बोजा टाकण्याचे प्रयोग इतरत्र होऊन गेले आहेत. अमेरिकेत १९९२ साली ॲरिझोना राज्यातील मेसा शहरातून 'गुन्हेमुक्त घरे' या योजनेचा प्रारंभ झाला आणि ती अनेक शहरांत पसरली. काही नगरपालिकांनी तर असे नियम केले, की एखाद्या घरातून पोलिसांना वारंवार बोलवावे लागले तर मालकाने भाडेकरूला काढावे, अन्यथा मालकावर कारवाई होईल. परिणाम उलटा झाला. पेन्सिल्व्हेनियातील नॉरिस्टाउन या गावी मारहाण सोसणारी एक स्त्री घर जाईल या भीतीने पोलिसांना बोलावण्यास धजेना. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१४ साली गावाला तो नियम मागे घ्यावा लागला. गुंडाला वचक बसविण्यासाठी केलेल्या नियमाने पीडितेचेच तोंड बंद केले होते.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने भाडेकरूच्या वास्तव्याच्या अधिकाराची तपासणी मालकांवर सोपविली. २०१९ साली तेथील उच्च न्यायालयाने नमूद केले, की या नियमामुळे मालक ब्रिटिश पारपत्र नसलेल्यांना आणि अल्पसंख्य वंशाच्या लोकांना घर नाकारू लागले आहेत. २०२० साली अपील न्यायालयाने योजना वैध ठरविली. परंतु असा भेदभाव घडतो ही वस्तुस्थिती त्याने अमान्य केली नाही. लंडनमध्ये घर शोधणाऱ्या मराठी तरुणाला ज्या नजरेने पाहिले जाते, त्याच नजरेने आपण लातूरच्या मुलाकडे पाहावे काय?

मग करावे काय?

पहिली गोष्ट म्हणजे माहिती कळविण्याच्या कर्तव्याला कायमस्वरूपी कायद्याचा आधार द्यावा. कलम १४४ काय किंवा कलम १६३ काय, ही तातडीच्या प्रसंगासाठीची तरतूद आहे. तिच्याखालील पोलीस आयुक्तांचा आदेश एरवी दोन महिन्यांपुरताच असतो. कायमच्या गरजेसाठी दर दोन महिन्यांनी तात्पुरता आदेश काढत राहणे हे शासनाला शोभणारे नाही. नोंदणीकृत करार हीच वर्दी मानावी, नोंदणी कार्यालयातून ती थेट पोलीस ठाण्यात जावी, आणि ही जोडणी जिथे अपुरी असेल तिथे ती पूर्ण करावी. एका कामासाठी मालकाला दोन खिडक्यांसमोर उभे करू नये.

दुसरी गोष्ट, वर्दी देणाऱ्याला कायद्याने स्पष्ट अभय द्यावे. ज्याने करार नोंदविला, ओळखपत्र पाहिले, शंका येताच कळविले, त्याला भाडेकरूच्या गुन्ह्यात गोवता येणार नाही, हे लेखी असावे. याच न्यायाने करार न करता चढे भाडे रोखीने घेणाऱ्या, खोटी नावे लावणाऱ्या मालकाला आणि असे व्यवहार जुळवून देणाऱ्या दलालाला जबर शिक्षा व्हावी. ५,००० रुपयांचा दंड त्यांना एका महिन्याच्या भाड्यापेक्षाही हलका वाटतो.

तिसरी गोष्ट, उपद्रवी भाडेकरूविरुद्धच्या दाव्यांना ठरावीक मुदत घालावी. भाडेकरूचे म्हणणे पूर्ण ऐकले जावे. केवळ आरोप झाला किंवा घरी पोलीस आले एवढ्यावरून कोणाचा संसार रस्त्यावर येऊ नये. पण निर्णय काही महिन्यांत लागावा. आणि चौथी गोष्ट, पोलिसांनी आलेल्या अर्जांच्या नुसत्या थप्प्या न रचता बीटवरील शिपायाने त्या घरी एकदा तरी जाऊन यावे. कोथरूडच्या त्या पहाटेने हाच धडा दिला आहे.

यापलीकडचे काम समाजाचे आहे. सोसायटीच्या बैठकीत वाहनतळाच्या रेषांवरून तासन्‌तास वाद घालणाऱ्या सभासदांना वरच्या मजल्यावर नव्याने आलेल्या कुटुंबाचे नाव ठाऊक नसते. पूर्वीच्या वाड्यांत नवे बिऱ्हाड आले की संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी विरजण पोहोचत असे आणि त्यांचे मूळ गाव, नोकरी, माणसे साऱ्या वाड्याला कळलेली असत. त्या चौकशीत आपुलकी होती आणि पहाराही होता. आज सदनिकांची दारे पोलादी झाली, दारांवर कॅमेरे बसले, पण ही चौकशी उरली नाही. नव्या भाडेकरूच्या दारावर पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याची थाप पडली, तर सज्जनाला आधार वाटेल आणि दुर्जनाला आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे याची जाणीव होईल. घरमालकाकडून राष्ट्राने पहारेकऱ्याचे काम अवश्य मागावे. पण पहारेकऱ्याने हाक दिल्यावर धावून येणारे पोलीस आणि जागे असलेले शेजारीही त्याला मिळाले पाहिजेत.